ठिपक्यांची जुनी मापं

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठ्या मनाची समजायला नको. ती वाईट असती तर बरं झालं असतं. चार बायकांत बसून तिची उणीदुणी काढता आली असती. पण ती वाईट नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे.

डिंगोऱ्यात आमचा मांडव आणि लायटिंगचा धंदा आहे. आमचे हे आणि धाकटे भाऊजी दोघं मिळून बघतात. यात्रा असो नाहीतर लग्न, कमानीवर जो लायटीचा बोर्ड लागतो, ज्याच्यावर गावाचं नाव सरकतं आणि चित्रं हलतात, त्यावरची चित्रं मी काढायचे. बोर्ड म्हणजे नुसते ठिपके. कुठला ठिपका पेटवायचा आणि कुठला विझवायचा ते कॉम्प्युटरवर ठिपक्यांची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि बोर्डाला लावायचं. मी काही कॉम्प्युटर शिकलेली नाही, बारावीनंतर लगेच लग्न झालं. पण शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीच्या कापडावर फुल्याफुल्यांचं भरतकाम शिकवलं होतं. ह्यांनी पहिल्यांदा पडद्यावर ती चौकोनांची जाळी दाखवली तेव्हा मी म्हटलं, अहो, ही तर मॅटीच की. तेव्हापासून दुकानातली ती खुर्ची माझी झाली.

आता मापांचं सांगते, कारण सगळं भांडण त्याच्यावरूनच झालं. आमचे जुने बोर्ड एका मापाचे नव्हते. ज्या गावची कमान जशी रुंद, तसे तुकडे जोडून तो बोर्ड बनवलेला. ओझरच्या कमानीचा लांबलचक आणि बुटका, डिंगोऱ्याचा त्याच्याहून आखूड, घाटघरचा सगळ्यात लहान. नवीन चित्र काढायचं म्हटलं की सॉफ्टवेअर आधी विचारतं, पडदा केवढा? आणि मापांची यादी पुढं करतं. त्यात पहिल्यापासून आलेली मापं कुठल्या जुन्या खेळांची आणि जुन्या फोनची होती, त्यांच्या वाटेला मी कधी गेले नाही. मी आमच्या बोर्डांची मापं यादीत घातली आणि त्यांना गावांची नावं दिली. ओझर म्हटलं की ओझरच्या कमानीएवढी जाळी उघडायची, घाटघर म्हटलं की घाटघरएवढी. मला आकडे कधी पाठ नव्हते, मला गावं पाठ होती.

माझी पळती बैलजोडी जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत माहीत होती. आमच्याकडं यात्रा म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती आल्याच, त्यामुळं कमानीवर बैल पळाले की माणसं थांबायची. पोरं मोबाईल वर धरायची. मंचरच्या बाजूच्या एका यात्रेत तर एक म्हातारे बाबा बराच वेळ बोर्डाखाली मान वर करून उभे होते आणि म्हणाले, "लई बेस पळत्यात." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. त्या बैलांचे पाय मात्र मला कधी नीट जमले नाहीत. एवढ्याशा ठिपक्यांत आठ पाय बसवायचे म्हणजे फणीचे दात दिसायचे. लांबून कुणाला कळत नव्हतं, मला कळत होतं.

मग ही आली, माझी धाकटी जाऊ. आंबेगावच्या पश्चिमेकडची, भातखाचरांच्या गावातली, मंचरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. ती आली आणि वर्षभरात भाऊजींनी मोठी एलईडी भिंत घेतली. बारीक ठिपके, वाटेल तेवढे रंग. तिच्यावर ही गुलाब उमलवायची, पाकळीवरून थेंब घरंगळवायची, नवरीच्या बांगड्या चमकवायची. लग्नातल्या बायका जेवण सोडून बघायच्या. घरी आल्यावर आमचे हेच सांगायचे, "आज धाकटीनं कमाल केली." माझ्या बैलांना त्यांनी कधी कमाल म्हटलं नव्हतं. "चालंल," एवढंच म्हणायचे, आणि मी इतकी वर्षं त्या 'चालंल'वर खूश होते.

मी भिंतीवर काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोनदा बसले. ठिपके एवढे, की चिमणी काढायला घेतली तर सकाळ संपली आणि चोचसुद्धा पुरी झाली नाही. ती शेजारी येऊन म्हणाली, "ताई, यात ठिपका ठिपका नाय काढत बसायचं, असं ब्रशनं ओढायचं." आणि तिनं ओढून दाखवलं. माझा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, स्वयंपाकाचं बघते, आणि उठले.

मग एक लग्न आलं, ओझरच्या कार्यालयातलं. हिनं नवरा-नवरीचं झकास चित्र काढून ठेवलं होतं. नावं आणि तारीख घालून ते भिंतीला लावायचं काम भाऊजींकडं. भाऊजींनी नवीन फाईल उघडली, यादीत बघितलं तर ओझर. लग्न ओझरला, माप ओझरचं, त्यांना वाटलं वहिनींनी किती सोपं करून ठेवलंय. दाबलं. ते तर आमच्या जुन्या बुटक्या कमानीचं माप. हिचं चित्र त्या पट्टीत मावेल एवढं लहान झालं आणि भिंतीवर गेल्यावर ती सगळी पट्टीच उभी ताणली गेली. नवरदेव ताडाएवढा उंच आणि काडीएवढा बारीक, तोंडाचे चौकोन चौकोन, नवरीची टिकली विटेएवढी. नवरदेवाचे मामा भाऊजींना म्हणाले, "राव, आमचं पोरगं एवढं वाळल्यालं हाय का?"

मला हे घरी कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या झाल्या. तिच्या भिंतीची एकदाची फजिती झाली. पण ते सुख सकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही, कारण दोष भिंतीवर आला नाही, माझ्या यादीवर आला.

"त्या जुन्या मापांचा कचरा आधी काढून टाका," हे दुकानात आल्या आल्या म्हणाले. तुझी मापं म्हणाले नाहीत, कचरा म्हणाले.

ती माझ्याकडं बघून हळूच बोलली, "ताई, डिंगोऱ्याचा बोर्ड मोडीत गेला, ओझरचा गेला. बोर्डच न्हाईत तर मापं ठेवून काय करायचं? तुमची चित्रं तशीच राहतील, फक्त यादीतली नावं जातील. आणि कधी लागलंच माप, तर आकडे टाकून परत करता येतं."

"मला आकडे येत न्हाईत," मी म्हटलं.

"मी सांगंन की."

झालं. म्हणजे माझ्या घाटघरची जाळी उघडायलासुद्धा मी हिला विचारायचं. मला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. मोठ्या भिंतीवर मला काढता येत नाही. ही यादी गेली की मला त्या खुर्चीत बसायचं कारणच उरत नाही. मग मी कशाला, हळदी-कुंकवाला आणि चहाला. आमच्यात हंगामात प्रत्येक बोर्ड पहिल्यांदा पेटवताना थोरल्या सुनेनं हळद-कुंकू वाहून बटण दाबायचं, अशी सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे. तो मान मला मरेपर्यंत राहिला असता. काम गेलं असतं आणि मान राहिला असता, आणि नुसता मान काय चाटायचाय?

"मापं ऱ्हातील," मी म्हटलं.

"अगं पण कशाला?" ह्यांनी विचारलं.

"माझी हायती म्हणून."

हे कपाळाला हात लावून बसले. भाऊजी पेनड्राइव्हशी खेळत राहिले. मी आता रडतेय का ओरडतेय ते माझं मलाच कळत नव्हतं, तेवढ्यात तीच म्हणाली, "घाटघरचा बोर्ड हाय की अजून. देवळाच्या कमानीवर कायमचा बसवलाय. त्यांची यात्रा होऊ द्या, मग ठरवू."

सगळ्यांना पटलं. ह्यांनी तर माझ्याकडं वळून म्हटलं, "बघ, किती समजूतदार हाय." म्हणजे माझी मापं राहिली तीसुद्धा तिच्या समजूतदारपणामुळं राहिली. भांडण मी केलं आणि शाबासकी तिला. दिवसभर मी कुणाशी धड बोलले नाही, भाकऱ्या मात्र थापताना चांगल्या आपटल्या.

घाटघरच्या यात्रेच्या आधी माझ्या माहेरची यात्रा होती. मांडव डहाळ्यांना मी दरवर्षी जाते. गावातले सगळे झाडांचे डहाळे वाजतगाजत आणून देवापुढं मांडव घालतात, ते मला चुकवायचं नसतं. निघताना मी सांगितलं, घाटघरला मागच्या सालची बैलजोडीच लावा, फाईल तयार आहे. नवीन काही काढायचं माझ्या मनात होतं. पण मनच ठिकाणावर नव्हतं, हात कुठून ठिकाणावर येणार?

माहेरी असताना तिचा फोन आला. घाटघरवाले म्हणत होते, दरसाल तेच बैल नको, काहीतरी नवीन दाखवा. "ताई, तुमी येईपर्यंत उशीर हुईल. मी करून बघू का? त्याच मापात?"

त्याच मापात. मी म्हटलं, कर बाई, आता तुझंच राज्य आहे. दोन दिवसांनी तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ताई बघा, चालेल का. मी तो उघडला नाही. मोबाईल पालथा घातला आणि भावजयीला म्हटलं, तिकडची माणसं जरा सुखानं बसू देत नाहीत. मनात एकच होतं. जिला ब्रशनं ओढायची सवय, ती एवढ्याशा ठिपक्यांत काय काढणार? फुगलेले बेडूक निघतील. निघू देत.

यात्रेच्या दिवशी परस्पर माहेराहून जुन्नरला आले आणि तिथून आमच्या पिकअपमध्ये बसले. हे आणि भाऊजी पुढं, आम्ही दोघी मागं वायरींच्या वेटोळ्यांत. माणिकडोह धरणाचं पाणी तळाला गेलं होतं, ऊन मरणाचं होतं. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. विचारलं मात्र नाही, की व्हिडिओ बघितला का. तिला दिसलंच असणार की मी उघडला नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी टोचून बोलले असते, आणि ती संधीसुद्धा तिनं दिली नाही.

दिवेलागणीला देवळापुढं माणसं जमली. त्या कमानीवरचा बोर्ड म्हणजे आमचा पहिल्या वर्षांतला, लाल आणि हिरवा एवढेच ठिपके, दोन्ही एकदम पेटले की पिवळा. हंगामात तो पहिल्यांदाच पेटायचा होता. मी हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मी बटण दाबलं.

दोन पिवळे बैल चालत आले. पळत नव्हते, चालत होते, सावकाश, जड. आणि त्यांना पाय नव्हते. पोटाखाली काळोख, काळोखात हिरव्या ठिपक्यांची एक आडवी रेघ, बैलानं पाऊल टाकलं की ती तुटायची आणि मागं परत जुळायची. मागं एक माणूस, तोही गुडघ्यापासून वरचाच. थोडं चाललं की अलीकडचा बैल मान खाली घालायचा आणि झटकून वर घ्यायचा. पाणी म्हणजे नुसते विझलेले ठिपके. भातखाचरात लावणीआधीची चिखलणी चालली होती, आणि घाटघर भाताचंच गाव, तिथल्या प्रत्येकाला ती बघताक्षणी ओळखू आली.

 मी इतकी वर्षं त्या आठ पायांवर डोळे फोडले होते आणि हिनं पाय काढलेच नव्हते. चिखलात घातले होते. माझ्या मापात, माझ्या घाटघरमध्ये, मी भांडून वाचवलेल्या जाळीत. ज्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं ते मी हिच्यासाठी राखून ठेवलं होतं, असंच झालं की. प्रसादाचा पेढा माझ्या हातातच राहिला.

यात्रा कमिटीतले एक काका माझ्यापाशी आले. दरवर्षी बोर्डाचं तेच बघतात, मला ओळखतात. म्हणाले, "वहिनी, इतकी सालं तुमी शर्यतीचं बैल दावलं. त्ये तुमच्याकडचं. औंदा आमचं बैल दावलंत बघा. लई भारी काम झालं."

ती माझ्या शेजारीच उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. ती बोर्डाकडं बघत होती आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. म्हणजे मला देऊन टाकत होती. वाडग्यातून भाजी द्यावी तसं, घ्या ताई. मला तिच्या चित्राचा हेवा वाटला होता तेवढा पुरे नव्हता की काय, आता तिच्या गप्प बसण्याचाही वाटला. मी तिच्या जागी असते तर गप्प बसले नसते.

"मी न्हाई काढलं," मी म्हटलं. "हिनं काढलंय, आमच्या धाकटीनं." खरं बोलायचं म्हणून नव्हे, मला तिची मेहरबानी नको होती म्हणून.

काकांनी तिच्याकडं बघून मान डोलावली आणि परत मलाच म्हणाले, "मंग तुमच्याच हाताखाली शिकली म्हणायची."

"हो," ती म्हणाली. "ताईंच्याच बैलांवरनं शिकले. एकेक ठिपका मोजला त्यांचा."

घ्या. मी मेहरबानी परत केली तर तिनं दुप्पट करून पदरात घातली. काका हसत हसत गेले आणि मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको.

परतीच्या वाटेत मी तिला विचारलं, "पाय काढले का न्हाईस?"

"काढले व्हते आधी. तुमच्यासारखेच काढले, जमंना. मग आठवलं, आमच्याकडं चिखलणीला बैलाचे पाय दिसतात कुठं." जरा थांबून म्हणाली, "भिंतीवर असतं तर काढले असते सगळे. सुचलंच नसतं. जागा न्हाई म्हणून सुचलं."

तिचं बरोबर होतं, आणि ते मला तिच्या आधी सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी चहा घेऊन गेले तर ती खुर्चीतून उठली. "ताई, घाटघरवाले म्हणाले, पुढल्या साली कमान मोठी करणार, मोठी भिंतच लावणार. मग ठरल्याप्रमाणं यादी साफ करायची का? तुमीच करा. तुमची मापं हायती."

मी बसले. यादी उघडली. ओझर, डिंगोरे, घाटघर. ज्यांचे बोर्ड कधीच मोडीत गेले अशी आणखी चार गावं. ओझर मी काढून टाकलं. भाऊजी अजून मामांच्या त्या बोलण्यावरून तोंड लपवतात, त्यांना परत खड्ड्यात कशाला घालायचं. डिंगोरेही काढलं, आणि ती चार गावंही काढली. वाटलं होतं तेवढं वाईट काही वाटलं नाही. शेवटी घाटघर उरलं.

ते काढलं असतं तर त्या मापात पुन्हा कुणी काही काढलं नसतं, तिनंही नाही. त्या जाळीत शेवटचे उभे राहिलेले बैल तिचे असते, कायमचे. माझे त्याच्या आधीचे, फणीच्या पायांचे. मी माउसचा बाण त्या नावावर बराच वेळ धरून बसले.

"हे ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

"बोर्ड तर जाणार ना, ताई. कुणासाठी ठेवायचं?"

"माझ्यासाठी. तो चहा बाजूला घे आणि उजेडातून जरा सरक."

मी घाटघर दाबलं आणि कोरी जाळी उघडली. एक बैल पोटापर्यंत काढला. पोटापर्यंत ठीक होता, पाठीचा बाक तर माझा तिच्याहून चांगला येतो. पण पाण्याची रेघ धरायला गेले तर बैल एकदा बुडालेला दिसायचा आणि एकदा हवेत तरंगायचा. पुसलं, परत काढलं, परत पुसलं. ती मागं उभी होती, मला ठाऊक होतं. चहा गार झाला तरी ती गेली नव्हती आणि सांगतही नव्हती.

शेवटी मी मागं न बघता विचारलं, "पाण्याची रेघ खालून कितव्या ओळीवर धरलीस गं?"

तिनं सांगितलं. मी त्याच्या एक ओळ वर धरली.